ती दे गं… ती! : पाळी जाण्याच्या वयात शब्द का अडतात?

दूध उतू चाललं होतं. एका हाताने मी गॅसचं बटण चाचपत होते आणि दुसरा हात मुलीकडे पसरला होता. "ती दे गं! ती… अगं ती, धरायची ती!" मुलीने आधी झारा पुढे केला, मग फडकं. तोवर दूध ओट्यावरून ओघळून फरशीवर. ‘सांडशी’ हा शब्द काही केल्या आला नाही. वस्तू डोळ्यांपुढे लख्ख होती, तिचा ढिला झालेला खिळासुद्धा आठवत होता. नाव तेवढं गायब.

माझं काम मुद्रितशोधनाचं. दुसऱ्यांचे शब्द तपासून मी पोट भरते, त्यामुळे सांडशीवर अडणं मला काही विनोदी वाटलं नाही. वय ४७. पाळी कधी बावीस दिवसांनी हजर, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही. त्या वर्षभरात ‘अनुक्रमणिका’, ‘कोथिंबीर’, समोरच्या काकूंचं आडनाव अशा कितीतरी गोष्टींनी ऐन वेळी दगा दिला. फ्रिज उघडून उभी राहायचे आणि कशासाठी उघडला तेच आठवायचं नाही. घरात हसण्यावारी गेलं, पण माझ्या मनात एक भीती घर करून बसली होती: आईच्या मावशीला शेवटी शेवटी स्मृतिभ्रंश झाला होता, त्याची ही सुरुवात तर नसेल? मग वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले.

पहिल्यांदा त्या ‘ती’बद्दल. मी ‘तो दे’ म्हटलं नाही, ‘ते दे’ही म्हटलं नाही. ‘ती’च म्हटलं. झारा हवा असता तर ‘तो’ म्हणाले असते, उलथनं हवं असतं तर ‘ते’. आता सांडशीत बाईसारखं काय आहे? काहीही नाही. जवळपास तेच काम करणारा चिमटा ‘तो’ आहे. म्हणजे लिंग वस्तूकडे बघून कळत नाही, ते शब्दाला चिकटलेलं असतं. आणि मला लिंग बरोबर सापडलं, याचा अर्थ मी शब्दापर्यंत पोचले होते. शब्द डोक्यात जागच्या जागी होता, फक्त त्याचा आवाज हाती लागत नव्हता.

भाषेवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ हेच सांगतात. बोलताना शब्द एका झटक्यात येतो असं आपल्याला वाटतं, पण तो दोन टप्प्यांत येतो. आधी अर्थ आणि त्याच्याबरोबर व्याकरण जागं होतं: हे नाम आहे, स्त्रीलिंगी आहे, वगैरे. त्यानंतर दुसऱ्या टप्प्यात ध्वनी: ‘सां’, मग ‘ड’, मग ‘शी’. अडतं ते बहुतेक वेळा या दोन टप्प्यांच्या मधे. १९९७ साली इटालियन बोलणाऱ्यांवर नेमका हाच प्रयोग झाला. शब्द ओठांवर येऊन अडला की त्यांना विचारायचं, तो पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? बहुतेक वेळा उत्तर बरोबर आलं, शब्द मात्र आला नाही. त्यांच्याकडे लिंगं दोन, आपल्याकडे तीन. आपल्या स्वयंपाकघरांत हा प्रयोग रोज फुकटात चालू असतो.

त्याच्याही आधी, १९६६ साली, हार्वर्ड विद्यापीठात रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या दोघांनी विद्यार्थ्यांना अवघड शब्दांच्या नुसत्या व्याख्या वाचून दाखवल्या होत्या. समुद्रावर ताऱ्यांची उंची मोजायचं उपकरण कोणतं, अशा धर्तीच्या. ज्यांना शब्द ‘अगदी ओठांवर आहे’ असं वाटत होतं, त्यांतल्या अनेकांना त्याचं पहिलं अक्षर सांगता आलं, उच्चारताना शब्दाचे किती तुकडे पडतात तेही सांगता आलं. ही मुलं विशीतली होती, हे विसरू नका. शब्द अडणं हा काही म्हातारपणाचा मक्ता नाही. आणि तो मराठीचाही मक्ता नाही: जगातल्या ५१ भाषांची पाहणी एका अभ्यासकाने केली, तेव्हा त्यांतल्या ४५ भाषांत या अनुभवाला ‘जिभेवर असणं’ अशाच वळणाचे शब्दप्रयोग सापडले.

सगळ्यात आधी दगा देतात ती माणसांची नावं. याचंही एक सुंदर कारण आहे. १९८७ साली इंग्लंडमध्ये काही लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले. काहींना सांगितलं, याचं आडनाव बेकर. दुसऱ्यांना सांगितलं, हा धंद्याने बेकर. शब्द एकच, पण धंदा लोकांच्या जास्त लक्षात राहिला. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. कुणी म्हटलं की हे गृहस्थ सुतारकाम करतात, तर लगेच रंधा, लाकडाचा वास, कानामागे खोचलेली पेन्सिल असे दहा धागे जोडले जातात. पण हे सुतारसाहेब बँकेत मॅनेजर आहेत म्हटलं, तर त्या आडनावाला धरायला एकही धागा नाही. त्या एकाच बारीक दोऱ्यावर नाव लोंबकळत असतं. दोरा जरा सैल झाला की पडलं.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांसाठी. दोन-तीन भाषांत वावरणाऱ्यांचे शब्द एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा जास्त अडतात, हे हिब्रू-इंग्रजी आणि स्पॅनिश-इंग्रजी बोलणाऱ्यांच्या अभ्यासांत दिसलं आहे. यात कमीपणा काही नाही, साधा हिशेब आहे. दिवसाचं बोलणं तेवढंच, ते तीन भाषांत वाटलं की प्रत्येक शब्द जिभेवर कमी वेळा येतो आणि त्याची वाट कमी तुडवली जाते. दिवसभर ऑफिसात इंग्रजी, रिक्षात हिंदी आणि घरी आल्यावर मराठी असं जगणाऱ्या बाईला ‘उलथनं’ आठवायच्या आधी ‘स्पॅच्युला’ आठवला, तर तिचा मेंदू बिघडलेला नाही. न्यू जर्सीत वीस वर्षं काढलेली माझी मैत्रीण याला ‘तिन्ही देव रुसले’ म्हणते: ऐन वेळी तिन्ही भाषांतला एकही शब्द येत नाही.

पण मग चाळिशीच्या पुढेच हे एकदम का वाढतं?

सांडशी मला शेवटी सापडली. त्याच रात्री, अडीच वाजता. मी घामाने भिजून उठले होते, पंखा पाचवर केला, पांघरूण पायाशी लोटलं आणि उगाच छताकडे बघत पडले होते. आणि आली ना, सांडशी! कुणी न बोलावता. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. यजमान दचकून उठले. "काय झालं?" "सांडशी," मी म्हटलं. ते पुन्हा झोपले.

शब्द असे आपणहून उगवणं नेहमीचंच आहे. पण मला खरं उत्तर सापडलं ते वेगळ्या ठिकाणी: मी अडीच वाजता जागी का होते, या प्रश्नात.

पाळी कायमची बंद होणं म्हणजे रजोनिवृत्ती. सलग बारा महिने पाळी आली नाही, की मागे वळून म्हणायचं, ती झाली. भारतात हे सरासरी ४६-४७ च्या आसपास होतं, अमेरिका-युरोपात ५१ च्या सुमाराला. त्याच्या आधीचा काही वर्षांचा काळ म्हणजे पेरिमेनोपॉज. आपल्या आया-आज्या त्याला ‘पाळी मागेपुढे व्हायला लागलीय’ एवढंच म्हणायच्या, आणि गंमत म्हणजे शास्त्रीय व्याख्याही जवळपास तीच आहे. दोन पाळ्यांमधलं अंतर सात किंवा जास्त दिवसांनी वरखाली व्हायला लागलं आणि ते पुन्हा पुन्हा झालं, की सुरुवातीचा टप्पा. पाळी ६० किंवा जास्त दिवस आलीच नाही, की शेवटचा टप्पा. आपल्याकडे पाळी लवकर जाते, म्हणजे हा सगळा खेळ कित्येकींच्या बाबतीत चाळिशीच्या आरंभीच सुरू होतो. तेव्हा कुणाच्या मनातही येत नाही की याचा पाळीशी काही संबंध असेल.

या काळात इस्ट्रोजेन, म्हणजे बीजकोशातून येणारं हार्मोन, हळूहळू कमी होत जातं, असा माझा समज होता. उतारावरून गाडी घरंगळत यावी तसं. प्रत्यक्षात ते परतीच्या पावसासारखं वागतं. चार दिवस कोरडे ठणठणीत आणि पाचव्या दिवशी असा कोसळतो की आषाढात पडला नसेल. बीजकोशात उरलेली बीजं थोडी आणि थकलेली. मेंदू त्यांना हुकूम सोडतो, उत्तर येत नाही, म्हणून तो आणखी मोठ्याने ओरडतो. मग कधी बीजकोश एकदम जागा होतो आणि तरुणपणी नव्हतं एवढं इस्ट्रोजेन सोडतो. पुढच्या महिन्यात पुन्हा शुकशुकाट. म्हणूनच पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईची हार्मोनची रक्ततपासणी करून फारसं हाती लागत नाही. आजचा आकडा आणि पुढच्या आठवड्यातला आकडा यांची एकमेकांशी ओळखही नसते. या वयात तारखांचा इतिहास आणि लक्षणं हेच निदान.

आता इस्ट्रोजेनचा आणि डोक्याचा काय संबंध? इस्ट्रोजेन म्हणजे गर्भाशयाचं हार्मोन, असंच आपण शाळेत शिकलो. पण त्याला पकडणारे ग्राहक मेंदूतही जागोजागी आहेत. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणींची नोंद जिथे होते तो भाग, आणि कपाळामागचा भाग, जो लक्ष एका जागी धरून ठेवतो आणि हवी ती आठवण शोधून काढतो, या दोन्ही ठिकाणी ते भरपूर आहेत. १९९० साली न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर विद्यापीठात कॅथरीन वूली आणि ब्रूस मॅकइवन यांनी उंदरांच्या माद्यांवर एक थक्क करणारी गोष्ट पाहिली. चार-पाच दिवसांच्या त्यांच्या चक्रात हिप्पोकॅम्पसच्या एका भागातल्या पेशींवरचे बारीक काटे, म्हणजे पेशी-पेशींच्या जोडण्यांच्या जागा, सुमारे ३० टक्क्यांनी कमीजास्त होत होते. इस्ट्रोजेन वाढलं की काटे वाढायचे, ओसरलं की कमी व्हायचे. मेंदूची घडण एवढ्या झटपट बदलू शकते, हे तेव्हा पचायला जड गेलं होतं. उंदीर म्हणजे बाई नव्हे, हे मान्य. पण आयुष्यभर एका ठरावीक लयीत येणारं हार्मोन एकदम बेताल झालं, तर मेंदूची घडी काही काळ विस्कटणारच, एवढं त्यावरून समजायला हरकत नाही. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा एकटा खातो, आणि साखरेपासून ऊर्जा करण्याच्या कामातही इस्ट्रोजेनचा हात आहे.

हे सगळं बायकांच्या ‘मनाचे खेळ’ नाहीत, याचा सगळ्यात भक्कम पुरावा अमेरिकेतल्या ‘स्वान’ या अभ्यासातून आला. १९९६ पासून ४२ ते ५२ वयाच्या ३,३०२ बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा हा अभ्यास. गोऱ्या, कृष्णवर्णी, लॅटिन, चिनी, जपानी वंशाच्या बायका त्यात आहेत. पाळी नियमित असलेल्यांमध्ये ३१ टक्के बायकांनी विसरण्याची तक्रार केली होती; पेरिमेनोपॉजच्या सुरुवातीला असलेल्यांमध्ये ४४ टक्क्यांनी. पण तक्रार वेगळी आणि चाचणी वेगळी. म्हणून २००९ मध्ये यांतल्या २,३६२ जणींच्या चार वर्षांच्या चाचण्यांचे निकाल तपासले गेले. त्यातली खुबी बघा. एकच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की माणूस सरावतो, गुण वाढतात. पाळी नियमित असलेल्यांचे गुण तसे वाढले. पेरिमेनोपॉजमधल्या बायकांचे वाढायला हवे होते तसे वाढले नाहीत. ऐकलेली गोष्ट लक्षात ठेवण्यात आणि कामाच्या वेगात सरावाचा फायदा त्यांना मिळेनासा झाला. आणि पाळी कायमची गेल्यानंतर? फायदा पुन्हा मिळायला लागला.

हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला आणि जरा वेळ तशीच बसले. गुण घसरले नव्हते. शिकण्याचा वेग मधे अडखळला होता, आणि तो परत आला होता.

आता पुन्हा अडीच वाजता. इस्ट्रोजेन डळमळलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अंगाच्या तापमानातला अगदी बारीक फरकही त्याला वणवा वाटतो, आणि ते अंगाला हुकूम सोडतं: गारवा आणा! म्हणून चेहऱ्यावर रक्त धावतं, घाम फुटतो, अंगातून कढत वाफा निघतात. शिकागोच्या पॉलीन माकी यांनी २००८ मध्ये अशा वाफांचा त्रास असलेल्या बायकांच्या त्वचेवर घाम मोजणारं यंत्र लावलं. जितक्या वाफा यंत्राने जास्त नोंदवल्या, तितकी ऐकलेलं आठवण्याची चाचणी कमजोर, विशेषतः झोपेतल्या वाफांच्या बाबतीत. आणि बऱ्याच वाफा बायकांच्या स्वतःच्या लक्षातही आल्या नव्हत्या. म्हणजे ‘मला नाही बाई तसला त्रास’ म्हणणारीच्या अंगातही रात्री वाफा निघत असू शकतात. दिवसभरात जे ऐकलं-पाहिलं ते झोपेत नीट लावून ठेवलं जातं. ती झोपच तुटक झाली, तर सकाळी कपाटात सगळं कोंबलेलं असणार. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनपासून तयार होणारा एक पदार्थ मेंदूला शांत करतो, झोप आणतो. या काळात तोही कमी पडतो. म्हणून वाफ नसतानाही तीनला टक्क जाग येते आणि मनात लाइट बिलापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं चालू होतं.

खरं सांगायचं तर आपण ज्याला ‘विसरणं’ म्हणतो, त्यातलं निम्मं विसरणं नसतंच. किल्ली ठेवताना लक्ष फोनवर होतं, तर ती नोंदलीच गेली नाही. जे ठेवलंच नाही ते सापडणार कसं? या वयात घरात दहावी-बारावी असते, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असतं, ऑफिसात वरची खुर्ची समोर दिसत असते. त्यात आवाज न करता डोकं भरून जातं. मी याचं खापर हार्मोनवर फोडत नाही, आणि हार्मोनला मोकळंही सोडत नाही.

मात्र ‘वयाचं आहे, चालायचंच’ म्हणून गप्प बसण्यातही धोका आहे. हेच धुकं दुसऱ्या कारणांनीही येतं, आणि त्यांतली बरीच कारणं साध्या रक्ततपासणीत सापडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, देशात ५७ टक्के. त्यात पेरिमेनोपॉजमध्ये पाळी आली की कधी कधी आठ-दहा दिवस मरणाचं रक्त जातं. हिमोग्लोबिन आठवर आलेली बाई शब्दांवर अडणार नाही तर काय! थायरॉइड मंदावलं की डोकं मंदावतं. वर्षानुवर्षं शाकाहार करणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, आणि त्याची पहिली खूण विसरभोळेपणा आणि पायांना मुंग्या ही असू शकते. साखर, रक्तदाब, घोरणं आणि घोरताना मधेच श्वास अडणं, दबून राहिलेलं नैराश्य, हे सगळं बघायला हवं. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही डोकं जड होतं, तेव्हा औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे उलटी करा. माझं बी-१२ कमीच निघालं. सगळा दोष त्याचा नव्हता, पण थोडा होता.

आणि ती भीती, मावशीच्या आजाराची? साठीच्या आत स्मृतिभ्रंश होणं खूप दुर्मीळ आहे. फरक ओळखण्याच्या काही ढोबळ खुणा आहेत. शब्द अडला आणि नंतर आठवला, ऐकल्यावर ‘हं, तोच तो’ असं झालं, तर काळजीचं कारण कमी. किल्ली कुठे ठेवली हे विसरणं वेगळं, किल्ली कशासाठी असते हे न सुचणं वेगळं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, हिशेबाची सवयीची कामं न जमणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारणं, आणि विशेष म्हणजे हे तुमच्याआधी घरच्यांच्या लक्षात येणं, असं काही दिसलं तर वेळ न घालवता मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावं. आणि अचानक, तासा-दोन तासांत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर तो पेरिमेनोपॉज नव्हे. तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या राज्यातली आहे. पाळी जाणं काही वर्षांत घडतं म्हणून मेंदूला जुळवून घ्यायला सवड मिळते. ज्यांचे दोन्ही बीजकोश शस्त्रक्रियेत काढले जातात, त्यांना ती सवडच नाही. आज इस्ट्रोजेन आहे, उद्या नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००७ मधल्या अभ्यासात रजोनिवृत्तीच्या आधीच बीजकोश काढलेल्या बायकांना पुढच्या आयुष्यात बुद्धी आणि स्मृती क्षीण होण्याचा धोका जास्त दिसला, आणि जितक्या कमी वयात शस्त्रक्रिया, तितका धोका जास्त. आता बीडकडे बघा. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलं की तिथल्या ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आहे. त्यांतल्या कित्येकी तिशी-चाळिशीतल्या. पाळीत खाडा पडला की मजुरी बुडते, म्हणून पिशवीच काढून टाकायची. नुसती पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले तर इस्ट्रोजेन लगेच थांबत नाही, पण बीजकोश लवकर थकू शकतात, आणि पाळीच येत नसल्याने ते कधी थकले हे बाईला कळायला काही खूणही उरत नाही. अशा बाईने ‘डोकं चालेना, झोप येईना’ म्हटलं, तर तिला पाळीबद्दल कोण विचारणार? तुमची किंवा तुमच्या घरातल्या कुणाची पिशवी काढली असेल, तर बीजकोश ठेवले होते की काढले, ते कागदपत्रांत शोधून ठेवा. बऱ्याच जणींना ते माहीतच नसतं.

मग उपाय काय? हार्मोनच्या गोळ्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांच्याबद्दल दोन टोकाच्या अफवा आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतला एक प्रचंड मोठा अभ्यास मधेच थांबवला गेला, आणि पुढच्या वर्षी बातमी आली की या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश दुप्पट झाला. जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. पण त्या स्मृतिभ्रंशाच्या चाचणीतल्या बायका ६५ च्या पुढच्या होत्या! पन्नाशीच्या सुरुवातीला या गोळ्या घेतलेल्यांचा पुढे वेगळा अभ्यास झाला. त्यात बुद्धीला अपाय दिसला नाही आणि खास फायदाही दिसला नाही. म्हणून आजची समज अशी: नुसतं विसरायला होतं म्हणून हार्मोन घेऊ नयेत, पण वाफांनी आणि घामाने जीव नकोसा झाला असेल तर त्यांचा विचार जरूर करावा. झोप लागली की धुकंही विरळ होतं. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी, यकृताचे आजार असलेल्यांसाठी त्या नाहीत, तेव्हा हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर बसून घ्यायचा, मैत्रिणीच्या चिठ्ठीवर नव्हे. ‘मेंदू तल्लख करणाऱ्या’ बाटल्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तेवढ्या पैशांत चालायचे चांगले बूट येतात, आणि दम लागेल असं रोजचं चालणं मेंदूला आणि झोपेला उपयोगी पडतं, याला बाटलीवरच्या मजकुरापेक्षा कितीतरी बरा पुरावा आहे.

शब्द अडल्यावर काय करायचं, यावर मात्र एक छान शोध आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २००८ मध्ये असं दिसलं की अडलेला शब्द आठवायला माणूस जितका जास्त वेळ झगडतो, तितका तोच शब्द पुढच्या वेळी पुन्हा अडण्याची शक्यता वाढते. मेंदू त्या झगड्यालाच शब्दाची वाट समजून बसतो. मी वर्षभर नेमकं उलटं करत होते. ‘थांब, सांगू नकोस, आठवतंय मला’ म्हणून दात आवळून बसायचे. आता सरळ विचारते, किंवा फोनमध्ये बघते, आणि शब्द मिळाला की एकदा मोठ्याने उच्चारते. अडीच वाजता ‘सांडशी’ म्हणून ओरडले, ते नकळत बरोबरच केलं होतं म्हणायचं. शब्द येत नसेल तर त्याच्याभोवती बोलायचं: ‘ते हे, ज्याने गरम भांडं उतरवतात’. आपली भाषा यासाठी उदार आहे. एका ‘हे’वर अख्खा संसार चालतो.

डॉक्टरांकडे गेलं की बायका म्हणतात, ‘काही नाही, जरा विसरायला होतं.’ मीही तेच म्हणाले होते. त्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "तारखा आणल्यात?" आणल्या नव्हत्या. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जिथे दुधाचे खाडे मांडते, तिथेच पाळीसाठी फुली मारते आणि रात्री जाग आली तर एक टिंब. घामाने आली असेल तर टिंबाभोवती गोल. गेल्या महिन्यात दुधाचे खाडे दोन, फुली एकही नाही, टिंबं एकोणीस, आणि त्यांतली गोलातली अकरा.